सेल्फ फिरतोय, ट्रॅक्टर चालू होत नाही – मॅसी १०३५, हरभऱ्याची पेरणी अडली आहे

काळं_रान (सेलू, जि. परभणी) – सोमवार, सकाळी ६:५०

राम राम मंडळी. मॅसी १०३५, १९९८ चं मॉडेल, तीन सिलेंडरचं सिम्पसन इंजिन. जूनमध्ये पेरणी झाली आणि पत्र्याखाली उभा केला. मळणी भाड्याच्या मशीनवर झाली, त्यामुळे चार महिने हात लावला नव्हता. परवा हरभऱ्यासाठी काढायला गेलो तर सेल्फ नुसता कण्हत होता. बॅटरी सोडवून गावात चार्ज करून आणली. आता सेल्फ जोरात फिरतो, पण इंजिन उचलत नाही. एक ठिणगीसुद्धा पडल्यासारखी वाटत नाही.

काल एक मिस्त्री येऊन गेले. त्यांनी फिल्टर बदलले, डिझेलच्या वाटेतली एअर काढली, तरी तेच. म्हणाले, नोझलला डिझेल देणारा मोठा पंप गेला, उतरवून तालुक्याला न्यावा लागेल, १४ हजार धरा. पैशाचं तर आहेच, पण पंपवाल्याकडे आठ दिवसांची वाट आहे. रान वाफशावर आहे. आठ दिवसांनी वरची ओल उडून जाईल आणि मग हरभरा कोरड्यात पडेल. पंप काढायच्या आधी घरी काही तपासता येईल का?

गोदाकाठ (गंगाखेड) – सकाळी ७:२०

बॅटरी चार्ज केली म्हणजे भरली असं नाही. मीटर असेल तर रात्रभर तशीच ठेवून सकाळी मोजा. १२.६ व्होल्ट म्हणजे पूर्ण भरलेली. १२ च्या खाली असेल तर तिच्यात काही नाही. सेल्फ मारताना दुसऱ्याला मीटर बघायला सांगा. साडेनऊच्या खाली पडत असेल तर बॅटरी तरी गेली किंवा सेल्फ जास्त ओढतोय.

टर्मिनलवर पांढरं साचलं असेल तर गरम पाण्यात खाण्याचा सोडा टाकून धुवा. आणि अर्थची पट्टी बघा. ती चेसिसला जिथे बसते तिथे रंग आणि गंज खरवडून चकचकीत लोखंड लागू द्या. आमच्याकडे दोन वर्षं बॅटरीला दोष देत होतो, निघाली ती अर्थची पट्टी.

जुना_फिटर (मिरज) – सकाळी ८:०५

एसटीच्या वर्कशॉपमध्ये ३१ वर्षं डिझेल इंजिनं उघडली. दादा, पंपाला हात लावू नका आणि लावूही देऊ नका. आधी तीन गोष्टी सांगा.

सेल्फ मारताना सायलेन्सरमधून धूर येतो का? येत असेल तर कोणत्या रंगाचा? एकाला फक्त तेवढंच बघायला उभा करा.

पंप कसला आहे? आडवा, गोल डोक्याचा, ज्याच्या तोंडातून तिन्ही पाइप निघतात तो, की पाइप एका ओळीत उभे निघतात तो?

आणि इंजिन बंद करायची ओढ-केबल आत ढकलल्यावर पंपावरचा छोटा दांडा खरोखर जागेवर परत जातो का? बसल्या जागेवरून नाही, खाली उतरून डोळ्यांनी बघा.

काळं_रान – सकाळी ९:४०

काका, धूर अजिबात नाही. पुतण्याला सायलेन्सरजवळ उभा केला होता. दहा-दहा सेकंद चार वेळा मारला, काळा नाही, पांढरा नाही, नुसती हवा. बॅटरी १२.५ आहे, सेल्फ मारताना १०.४ पर्यंत येते. पंप आडवा गोल डोक्याचा आहे.

केबल बघतो. आत्ता अण्णांना दवाखान्यात न्यायचं आहे, दुपारी सांगतो.

जुना_फिटर – सकाळी १०:१५

अण्णांचं आधी बघा, इंजिन कुठे पळत नाही.

धूर नाही ही चांगली बातमी आहे. डिझेल इंजिनात स्पार्क नसतो. पिस्टन हवेला सोळा-सतरा पट दाबतो, त्या दाबानं हवा पाचशे अंशांच्या वर तापते आणि नोझलमधून (सिलेंडरमध्ये डिझेल फवारतं ते) डिझेल आलं की आपोआप पेट घेतं. म्हणजे इंजिनाला हवं काय? पुरेशा वेगानं फिरणं, दाब धरणं आणि वेळेवर डिझेल. फिरणं तुमचं ठीक आहे. १०.४ व्होल्टवर सेल्फ चांगला फिरतो. दाब कमी असता, पण डिझेल आत पडत असतं, तर न जळलेलं डिझेल पांढऱ्या धुरासारखं बाहेर आलं असतं, नाकाला झोंबलं असतं. तुमच्याकडे पांढरा धूरही नाही. म्हणजे सिलेंडरमध्ये डिझेल पोचतच नाही. रिंगा, व्हॉल्व्ह, हेड हे सगळं आजच्यापुरतं विसरा. टाकीपासून नोझलपर्यंतची वाट तेवढी शोधायची.

वाट अशी: टाकी, खालचा कॉक आणि त्याची जाळी, काचेची वाटी, एसी पंप (टाकीतलं डिझेल ओढून पुढे ढकलणारा छोटा पंप), कापडी फिल्टर, पेपर फिल्टर, मोठा पंप, नोझल. मोठा पंप या वाटेवर शेवटून दुसरा आहे. लोक सुरुवात त्याच्यापासून करतात, कारण तो सगळ्यात महाग दिसतो.

ऊस_पाचट (शिरोळ) – सकाळी १०:५०

एवढं कशाला, पेट्रोलमध्ये चिंधी भिजवून एअर फिल्टरच्या तोंडाला धरा आणि सेल्फ मारा. आमचा असाच चालू होतो.

मोसंबीची_बाग (अंबड, जि. जालना) – सकाळी ११:३०

दादा, कृपा करून हे कोणाला सांगू नका. पेट्रोलची वाफ वेळेआधी पेटते. पिस्टन अजून वर येत असतो आणि वरून स्फोट होतो. रिंग तुटते, कनेक्टिंग रॉड वाकतो. स्टार्टिंग स्प्रेचंही तेच, आणि हीटर असलेल्या इंजिनात तर जाळ हवेच्या पाइपातून उलटा बाहेर येतो. आणि इथे तर डिझेलच पोचत नाही. चिंधीनं दोन ठोके मारेल आणि पुन्हा बंद पडेल.

दुसरं मी आधीच सांगून ठेवते, कारण अशा वेळी घाईत हेच होतं. खाली उभं राहून स्क्रू-ड्रायव्हरनं सेल्फचे दोन बोल्ट जोडू नका. माझ्या दिरांनी तसं केलं होतं. ट्रॅक्टर दुसऱ्या गिअरमध्ये होता. चालू झाला तो थेट अंगावर आला, मागचं चाक मांडीवरून गेलं. सहा महिने अंथरुणावर होते. वाचले हे आमचं नशीब. सेल्फ सीटवर बसूनच मारायचा, न्यूट्रल बघून, क्लच दाबून. आमच्याकडे आता हा नियम आहे आणि मी तो कोणाला मोडू देत नाही.

ऊस_पाचट – सकाळी ११:५५

ताई, बरोबर आहे तुमचं. पेट्रोलची वाफ वेळेआधी पेटते हे माहीत नव्हतं. दिरांची तब्येत आता बरी आहे ना?

मोसंबीची_बाग – दुपारी १२:१०

हो, चालतात आता. ट्रॅक्टरवर मात्र मीच बसते.

काळं_रान – दुपारी ३:२५

अण्णांना बरं आहे, बीपीची गोळी बदलली. घरी आल्या आल्या ट्रॅक्टरजवळच येऊन बसलेत.

काका, केबल सापडली! खटका पूर्ण आत जातो, पण पंपावरचा दांडा अर्ध्यातच अडकलेला होता. केबलच्या नळीत गंज धरलाय. वरून बघितलं तर सगळं बरोबर वाटतं. केबल सोडवली, दांडा बोटानं मागे ढकलला, तेल सोडलं, आता मोकळा हलतो. सेल्फ मारला. पहिल्यांदा दोन ठोके मारले आणि थोडा पांढरा धूर आला! मग पुन्हा गप्प. पुन्हा मारला तर काहीच नाही.

जुना_फिटर – दुपारी ३:५०

वाटलंच होतं. पण दोन ठोक्यांवर थांबला म्हणजे पंपात साठलेलं तेवढंच डिझेल जळलं, मागून आलं नाही. एक दोष गेला, दुसरा मागे उभा आहे. जुन्या गाडीत दोष बहुतेक जोडीनं येतात. आता एअर काढून बघा, पण शांतपणे आणि क्रमानं.

पाने बघून घ्या. या इंजिनावर बरेच बोल्ट इंची मापाचे आहेत. मिलिमीटरचा पाना जबरदस्तीनं बसवून कोपरे गोल करू नका. सगळं बाहेरून पुसून घ्या, कारण पंपात गेलेला एक धुळीचा कण एअरपेक्षा वाईट.

फिल्टरच्या डोक्यावरचा स्क्रू दोन-तीन फेरे सैल करा आणि एसी पंपाचा छोटा दांडा हातानं दाबत राहा. आधी फेस येईल, मग बुडबुडे, मग स्वच्छ धार. धार आली की दांडा दाबत असतानाच स्क्रू आवळा. मग मोठ्या पंपाच्या अंगावरचा खालचा स्क्रू, मग वरच्या झाकणावरचा. शेवटी नोझलवरच्या तिन्ही पाइपांच्या नटा एकेक फेरा सैल करायच्या, रेस पूर्ण ओढायची, केबल आत आहे याची खात्री करायची आणि सेल्फ मारायचा. दहा-पंधरा सेकंदांपेक्षा जास्त नाही, मग मिनिटभर थांबायचं, नाहीतर सेल्फ जळेल. नटांमधून डिझेल उडायला लागलं की आवळा.

हे करताना नोझल किंवा पाइपाच्या तोंडासमोर हात नेऊ नका. नोझल दोनशे बारच्या आसपास दाबानं उघडतं. ती धार कातडीतून आत घुसते, वरून टोचल्याएवढी खूण दिसते आणि आतून बोट सडतं. तसं कोणाला झालंच तर रक्त नाही म्हणून घरी थांबू नका, लगेच मोठ्या दवाखान्यात न्या आणि डिझेल आत गेलंय हे डॉक्टरांना स्पष्ट सांगा.

काळं_रान – दुपारी ४:४०

एसी पंपाचा दांडा एकदम सैल लागतो. वर-खाली होतो पण जोर लागत नाही, डिझेलही येत नाही. एसी पंपच गेला का?

जुना_फिटर – दुपारी ४:४८

घाई नको. एसी पंप आतल्या कॅमवर चालतो. इंजिन थांबताना कॅमचा उंचवटा नेमका वर राहिला असेल तर पडदा आधीच ओढलेला असतो, मग हाताच्या दांड्याला काम उरत नाही. इंजिन थोडं फिरवा, सेल्फचा एक झटका पुरे. मग दांडा दाबून बघा, भरल्यासारखा लागेल. कितीतरी चांगले एसी पंप लोकांनी एवढ्याशा कारणासाठी बदलले.

काळं_रान – सायंकाळी ५:३५

झटका दिला आणि दांड्याला जोर आला! धन्यवाद काका. पण आता वेगळंच. फिल्टरच्या स्क्रूमधून फेस थांबतच नाही. दोनशे वेळा तरी दाबला असेल. बुडबुडे, थोडं डिझेल, पुन्हा बुडबुडे. काचेच्या वाटीच्या खाली बोट फिरवलं, कोरडी आहे. कुठे थेंब गळत नाही.

हळदीचं_रान (वसमत) – सायंकाळी ५:५०

वाटीचं बूच-पॅकिंग बदला. कडक होतं ते. हवा तिथूनच ओढतोय.

जुना_फिटर – सायंकाळी ६:२०

हळदवाले दादा, पॅकिंग कडक झालेलं असेलही. पण विचार करा, मॅसीची टाकी कुठे आहे? बॉनेटखाली, इंजिनाच्या वर. एसी पंप तिच्या खाली. डिझेल स्वतःच्या वजनानं खाली येतं. अशा वाटेवर पॅकिंग नुसतं खराब असेल तर हवा आत जायच्या आधी डिझेल बाहेर गळतं. इथे वाटी कोरडी आहे आणि तरी बुडबुडे आहेत. म्हणजे वरून डिझेल येतच नाही, एसी पंप रिकामी नळी चोखतोय आणि ओढ पडल्यावर हवा त्या कडक पॅकिंगमधून आत येतेय. वाट तुंबलीय ती त्या वाटीच्याही वर.

काळं रान दादा, एसी पंपाकडे येणारा पाइप एसी पंपावरून काढा, खाली भांडं धरा आणि कॉक पूर्ण उघडा. पेन्सिलीएवढी सलग धार पडायला हवी. किती पडते ते सांगा. मग टाकीचं झाकण काढून पुन्हा बघा. झाकणाचं बारीक भोक मातीनं बुजलं असेल तर टाकीत हवा जात नाही आणि डिझेल खाली उतरत नाही.

एक परीक्षाही करा. पाच लिटरच्या कॅनमध्ये गाळलेलं स्वच्छ डिझेल घ्या, बॉनेटपेक्षा उंच टांगा आणि पारदर्शक नळी लावून थेट एसी पंपाच्या तोंडाला जोडा. नळी पारदर्शकच हवी, म्हणजे बुडबुडा कुठून येतो ते दिसतं. टाकी, जाळी, वाटी या सगळ्यांना वगळून इंजिन चाललं तर दोष त्या तिघांत आहे आणि तुमचा पंप निर्दोष आहे.

गोदाकाठ – सायंकाळी ६:३०

जनावरांच्या दवाखान्यातली सलाईनची नळी चालते का?

जुना_फिटर – सायंकाळी ६:३४

परीक्षेपुरती चालते, पण बारीक असते, सेल्फ मारताना पुरवठा कमी पडेल. हार्डवेअरच्या दुकानात जाड पारदर्शक नळी मीटरवर मिळते, ती घ्या. डिझेलनं काही दिवसांत कडक होते, म्हणून कायमची ठेवू नका.

नांगरट (बारामती) – रात्री ८:१०

वाईट वाटून घेऊ नका, पण २७ वर्षांच्या ट्रॅक्टरवर किती दिवस घालवणार? विकून नवीन घ्या, पन्नास एचपीचा. रोटाव्हेटरलाही बरा.

काळं_रान – रात्री ९:०५

दादा, राग नाही. हिशोब केला होता. आमचं नऊ एकर रान, त्यात नवीन ट्रॅक्टरचा हप्ता बसत नाही. हा अण्णांनी बँकेचं कर्ज काढून घेतला आणि २००५ ला फेडला. दोन्ही बहिणींची लग्नं, विहीर, घर, सगळं याच्या भाड्यावर झालं. अण्णांना आता गुडघ्यामुळे वर चढता येत नाही, पण आवाजावरून सांगतात कुठला गिअर आहे. जोवर हा पेरतोय तोवर हाच.

काळं_रान – मंगळवार, सकाळी ८:५५

पाइप काढला. कॉक पूर्ण उघडा असताना धार नाही, थेंब थेंब. झाकण काढल्यावर किंचित वाढलं, पण धार नाहीच.

मग कॅन लावला. बॉनेटच्या वर लाकडी आडवं बांधून टांगला. अण्णांनी खाट जवळ आणायला लावली. फिल्टरच्या स्क्रूमधून पंधरा-वीस दाबांत स्वच्छ धार आली. पंपाचे दोन्ही स्क्रू, मग नोझलच्या नटा. रेस पूर्ण ओढली. दुसऱ्या सेल्फला तिन्ही नटांमधून डिझेल उडालं. आवळलं. तिसऱ्या सेल्फला पांढरा धूर, एक सिलेंडर, मग दोन, आणि मग तिन्ही लागले!!! काळा धूर सोडून एकदम सुरळीत झाला. अण्णा काही बोलले नाहीत, नुसते ऐकत बसले. मग म्हणाले, "रेस कमी कर."

वीस मिनिटं चालवला, नळीत एक बुडबुडा नाही. पंपाला १४ हजार लागणार होते काका.

जुना_फिटर – सकाळी ९:१०

फार बरं वाटलं. मिस्त्रींचा राग धरू नका. केबल अर्धी अडकलेली असताना त्यांनी कितीही एअर काढली असती तरी इंजिन लागलंच नसतं. दोन दोष एकमेकांना झाकत होते.

पण कॅनवर पेरणीला जाऊ नका. हिसक्यात कॅन पडला तर डिझेल सायलेन्सरवर सांडेल. टाकी रिकामी करा, कॉक खोलून त्याची जाळी बाहेर काढा आणि काय निघतं ते सांगा.

काळं_रान – दुपारी १:१५

जाळीवर काळपट तपकिरी शेवाळासारखा थर होता, बोटाला बुळबुळीत. टाकीच्या तळातून दीड-दोन ग्लास पाणी निघालं, आणि त्याच्यावर तोच गाळ तरंगत होता. हे आलं कुठून? डिझेल नेहमीच्याच पंपावरचं आहे, बाकीच्या कोणाची तक्रार नाही.

जुना_फिटर – दुपारी १:४०

पंपावरून नाही, हवेतून आलं. जूनमध्ये उभा केला तेव्हा टाकी किती भरलेली होती? अर्धी किंवा त्याहून कमी असणार. उरलेल्या जागेत पावसाळ्याची दमट हवा. दिवसा तापते, रात्री थंड होते, पत्र्याला आतून दव धरतं, खाली उतरतं. पाणी डिझेलपेक्षा जड, तळाला बसतं. आणि जिथे पाणी आणि डिझेल एकमेकांना टेकतात त्या रेषेवर जिवाणू आणि बुरशी वाढते. डिझेल हेच त्यांचं अन्न. तो बुळबुळीत थर म्हणजे तेच.

टाकी आतून स्वच्छ डिझेलनंच खळबळून धुवा, दोन-तीनदा. पाणी, साबण नको. पेट्रोल तर अजिबात नको आणि बिडीवाला जवळ येऊ देऊ नका. जाळी मऊ ब्रशनं साफ करा, फाटली असेल तर नवीन टाका, पण जाळीशिवाय बसवू नका. वाटीचं पॅकिंग आता बदला, हळदवाले दादा तिथे बरोबरच आहेत. कॉकचा रबरी पाइप क्लिपखाली वाकवून बघा, तडे असतील तर तोही. झाकणाचं भोक बारीक तारेनं मोकळं करा. फिल्टर परवाच बदललेत, पण चाळीस-पन्नास तासांनी पुन्हा बघा, उरलेला गाळ तिथेच येणार.

पुढच्या वर्षी उभा करताना टाकी गळ्यापर्यंत भरा. रिकामी जागाच नसली तर दव धरणार कुठे? आणि पंधरा दिवसांतून एकदा चालू करून अर्धा तास तापू द्या.

हळदीचं_रान – दुपारी २:०५

काका, २०२० पासून नवीन डिझेल आलं तेव्हापासून जुने पंप लवकर जातात असं आमच्याकडे म्हणतात. त्यात थोडं रॉकेल किंवा ऑइल टाकावं का?

जुना_फिटर – दुपारी २:३०

१ एप्रिल २०२० पासून बीएस-६ (प्रदूषणाच्या नव्या मानकाचं) डिझेल आहे. त्यात गंधक १० पीपीएम (दहा लाख भागांत १० भाग), त्याआधीच्या बीएस-४ मध्ये ५० होतं. गंधक काढण्याच्या प्रक्रियेत डिझेलचा वंगणगुण कमी होतो, हे खरं. पण म्हणूनच त्यात वंगणाचं द्रव्य घालून देतात. वेगळं काही टाकायची गरज नाही. रॉकेल तर मुळीच नको. या गोल पंपाच्या आतल्या भागांना वेगळं ऑइल नसतं, डिझेल हेच त्यांचं वंगण. रॉकेल पातळ, ते टाकलं की पंपाचं आयुष्य तुम्हीच कमी करता. जुने पंप जातात ते जास्त करून पाण्यानं आणि धुळीनं.

काळं_रान – बुधवार, रात्री ८:४५

काल टाकी धुतली, पॅकिंग, दीड फूट रबरी पाइप, दोन क्लिपा आणि बंद करायची नवी केबल टाकली. सगळं मिळून ६४० रुपये. आज सकाळी टाकीवर, कॅन न लावता, दुसऱ्या सेल्फला लागला. पाच एकर हरभरा पेरून झाला. चार बोटं खाली चांगली ओल आहे अजून. उरलेलं उद्या.

नवी केबल बसवल्यावर अण्णांनी मला तीन वेळा खाली उतरून दांडा बघायला लावला.

मोसंबीची_बाग – रात्री ९:२०

फार आनंद झाला दादा. अण्णांना नमस्कार सांगा.

फिटर काका, याच धाग्यावर विचारते. आमचाही तीन सिलेंडरचाच, दोन वर्षांनी लहान. रोज चालतो, पण थंडी पडली की सकाळी पाच-सहा सेल्फ लागतात. भरपूर पांढरा धूर येतो, मग एकेक सिलेंडर लागतं. दुपारी एका सेल्फला चालू. डिझेल तर पोचतंय, मग?

जुना_फिटर – रात्री ९:४५

ताई, तुम्ही उत्तर अर्धं स्वतःच दिलंत. डिझेल पोचतंय पण थंड इंजिनात पेट घेत नाही, म्हणजे हवा पुरेशी तापत नाही. एक तर सेल्फ हळू फिरतोय, नाहीतर दाब कमी झालाय, नाहीतर नोझल धुक्यासारखं न मारता धारेसारखं मारतंय. स्वस्तापासून सुरू करा. आधी सकाळच्या पहिल्या सेल्फला मीटर लावा. मग टॅपेटचं अंतर पुस्तकाप्रमाणे मोजून घ्या. व्हॉल्व्ह पूर्ण बसत नसेल तर दाब तिथूनच जातो. त्यानंतर तिन्ही नोझल काढून तपासायला द्या. इंजिन तापल्यावर ऑइल टाकायचं झाकण काढून बघा, तिथून फुसफुस धूर मारत असेल तर रिंगांचं बोलू.

तोवर सकाळी सोसवेल इतपत गरम पाणी रेडिएटरमध्ये टाका, पण उकळतं नको, थंड हेडला तडा जाईल. आणि ऑइल किती लागतं तेही सांगा, शंभर तासांना किती टाकावं लागतं ते.

मोसंबीची_बाग – रात्री ९:५२

उद्या सकाळी सहाला मीटर लावते आणि इथेच लिहिते.